खाऱ्या हवेतला सेकंडहँड रग्ड लॅपटॉप : बिघाड शोधायचा कुठे?

पालघरच्या किनारपट्टीवरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत देखभालीचे काम करणाऱ्या माणसाला एक जुनी, जाड, चौकोनी वस्तू अजूनही हवीशी वाटते : मागे नऊ पिनांचा खराखुरा सिरियल पोर्ट असलेला रग्ड लॅपटॉप. पॅनासॉनिकने टफबुक १९९६ मध्ये बाजारात आणले. तैवानची गेटॅकही अशी यंत्रे बनवते, आणि पुढे डेलने लॅटिट्यूडच्या रग्ड आवृत्त्या काढल्या. नवा घ्यायचा तर किंमत साध्या लॅपटॉपच्या कितीतरी पट, त्यामुळे सुटा तंत्रज्ञ तो सेकंडहँडच घेतो. यातली बरीच यंत्रे परदेशी पोलिसांच्या गाड्यांतून, वीज आणि टेलिफोन कंपन्यांच्या ताफ्यांतून सेवा संपवून बाहेर पडलेली असतात. ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये मिळतात आणि तिथून पालघर, बोईसर, सफाळ्यापर्यंत पोचतात. माकुणसारसारख्या केळवे-सफाळे पट्ट्यातल्या गावात राहणारा आणि तारापूरला कामाला जाणारा तंत्रज्ञ असे यंत्र घेतो तेव्हा त्याच्या मनात एकच हिशेब असतो : लष्कराच्या कसोटीला उतरलेले यंत्र आपल्या कामाला सहज पुरेल. मग पहिल्या पावसाळ्यातच ते बंद पडू लागते आणि दुरुस्तीवाला सांगतो, मदरबोर्ड गेला. या लेखाचे म्हणणे असे, की हे निदान फार वेळा घाईचे असते. रग्ड लॅपटॉपचा बिघाड बहुधा चिपमध्ये नसून जोडांमध्ये असतो. पिना, रिबन केबल, रबराची सील, बॅटरीचे सेल ही ती ठिकाणे. किनाऱ्यावर बिघाडाचा शोध तिथूनच सुरू व्हायला हवा, आणि मदरबोर्डचा नंबर सर्वांत शेवटी यायला हवा.

आधी ‘रग्ड’ या शिक्क्यात नेमके काय येते ते पाहू. मिल-स्टँडर्ड-८१० ही अमेरिकी लष्कराची चाचणीपद्धती आहे. तिची ‘जी’ आवृत्ती २००८ ची, ‘एच’ २०१९ ची. तिच्यात पडणे, कंप, उष्णता, आर्द्रता, खारे धुके अशा अनेक चाचण्या स्वतंत्र क्रमांकांनी दिल्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या करायच्या हे उत्पादक ठरवतो. ‘८१० नुसार तपासलेले’ एवढ्या वाक्यावरून खाऱ्या धुक्याची चाचणी झाली होती की नाही हे कळत नाही. पडण्याच्या चाचणीत १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा यंत्र टाकतात, पण ते २६ आघात पाच नगांपर्यंत वाटून घेण्याची मुभा आहे. दुसरा शिक्का धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा, आयपी ६५ हा. त्यातला सहा म्हणजे धूळ अजिबात आत न जाणे. पाच म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर वेगाने येणारा फवारा किमान तीन मिनिटे सोसणे. या चाचणीत पाणी साधे असते आणि यंत्र नवे असते. गंजाबद्दल आयपीचा आकडा काहीच सांगत नाही. सेकंडहँड यंत्रावर असलेला शिक्का म्हणूनच त्याच्या जन्माच्या वेळचा दाखला आहे. आठ-दहा वर्षांनी रबराची पॅकिंग कडक होते, पोर्टवरची झाकणे सैल बसतात, कुणी एकदा खोलून स्क्रू कमी लावलेले असतात. बाहेरून पाहिले तर मॅग्नेशियम मिश्रधातूचे कवच तसेच भक्कम दिसते, आणि घेणाऱ्याची फसगत तिथेच होते.

या पट्ट्याची हवा दोन प्रकारची आहे, आणि तंत्रज्ञ रोज एकीतून दुसरीत जातो. माकुणसार, केळवे, माहीमची हवा खारी. मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर येऊन पृष्ठभागावर बसतात आणि कोरड्या दिवसांत फारसे काही करत नाहीत. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की साधे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते याच कारणाने. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि त्याला ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. जून ते सप्टेंबर इथली हवा दिवसरात्र ओलसर असते. अशा वेळी पिनांमधला मिठाचा पांढरट थर वीजवाहक द्रावण बनतो. दोन शेजारच्या पिनांमध्ये गळती सुरू होते, तांब्यावर हिरवा कळंक चढतो, आणि यंत्र कधी चालते, कधी चालत नाही. पावसाळ्यात रुसलेला लॅपटॉप दिवाळीनंतर आपोआप बरा होतो. ‘आपोआप बरा होणे’ हे किनाऱ्यावरच्या निदानातले सर्वांत मोलाचे लक्षण आहे. जळलेली चिप हवामान बदलले म्हणून परत चालू होत नाही. ओला जोड मात्र सुकला की चालू होतो.

दुसरी हवा तारापूरची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. तो निर्देशांक हवा, पाणी आणि जमीन यांचा मिळून असतो, त्यामुळे त्या आकड्यावरून एखाद्या शेडमधल्या वायूचे प्रमाण काढता येणार नाही. पण रसायने आणि औषधे बनवणाऱ्या वसाहतीत गंधकयुक्त आणि क्लोरीनयुक्त वायूंचा संपर्क येतो, आणि तांबे-चांदीला हे दोन्ही वायू वैरी आहेत. उद्योगांत यासाठी आयएसए ७१.०४ हे मानक वापरतात : तांब्याची स्वच्छ पट्टी महिनाभर जागेवर टांगून ठेवायची आणि तिच्यावर चढलेला थर मोजायचा. तो ३०० अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर जागा सौम्य, २००० च्या पुढे गेला तर अतितीव्र. इलेक्ट्रॉनिक यंत्राने वर्षानुवर्षे निर्धास्त चालावे अशी अपेक्षा फक्त सौम्य वर्गात धरतात. यात २००६ ची एक गोष्ट मिसळली आहे. त्या वर्षी १ जुलैपासून युरोपीय संघात सोल्डरमधल्या शिशावर बंधन आले आणि काही उत्पादकांनी सर्किट बोर्डांवर शिशाऐवजी चांदीचा पातळ मुलामा वापरला. गंधकाच्या हवेत अशा बोर्डांवर तांब्याचे सल्फाइड पृष्ठभागावरून सरपटत शेजारच्या पट्टीपर्यंत जाते, हे त्यानंतरच्या वर्षांत जगभरच्या कारखान्यांत आढळून आले. त्यामुळे जुने यंत्र नव्यापेक्षा कमीच टिकणार असा सरसकट नियम इथे लावता येत नाही.

या दोन्ही हवांच्या मधोमध वातानुकूलित कंट्रोल रूम असते, आणि तिचा विचार फारसा कुणी करत नाही. आत तापमान २२ अंश असते. बाहेर जुलैतल्या हवेचा दवबिंदू या किनाऱ्यावर २५ अंशांच्या आसपास असतो. तासभर आत ठेवलेला धातूचा लॅपटॉप बाहेर आणताच त्याला घाम फुटतो. सील शाबूत असेल तर तो घाम बाहेरच राहतो. सील गेलेली असेल तर ओली हवा आत शिरते, आणि एरवी पाणी बाहेर ठेवणारे ते घट्ट कवच आता तिला बाहेर पडू देत नाही. साध्या लॅपटॉपमध्ये पंख्याच्या वाऱ्याने ओल निघून जाते. टफबुक सीएफ-१९ सारख्या बिनपंख्याच्या मॉडेलमध्ये तोही मार्ग नाही. म्हणून अर्धवट सील झालेला रग्ड लॅपटॉप साध्या लॅपटॉपपेक्षा जास्त धोक्यात असतो, असे म्हणायला माझ्या मते पुरेसा आधार आहे. बाहेर आल्यावर यंत्र बॅगेतच बंद ठेवावे आणि ते बाहेरच्या तापमानाला आले की मगच उघडून चालू करावे. एवढ्या शिस्तीने बरेच बिघाड टळतात.

आता प्रत्यक्ष निदान. यंत्र सुरूच होत नसेल तर पहिला संशय विजेच्या वाटेवर घ्यायचा. टफबुकचा अडॅप्टर मॉडेलनुसार १५.६ किंवा १६ व्होल्टचा असतो, तर बाजारातले बहुतेक लॅपटॉप १९ व्होल्टच्या आसपास चालतात. गोल पिन बसते म्हणून दुसरा चार्जर लावणे, ही जुन्या टफबुकच्या नशिबी येणारी नेहमीची चूक आहे. डेलमध्ये प्रकार वेगळा. अडॅप्टरच्या मधल्या बारीक पिनेतून लॅपटॉप चार्जरची ओळख पटवून घेतो. ती पिन वाकली किंवा कळकली, की लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरही मंद धावतो. मालकाला वाटते बॅटरी गेली, दुरुस्तीवाल्याला वाटते चार्जिंगचे सर्किट गेले, आणि दोष असतो केबलच्या टोकाला. बॅटरीबाबत आणखी दोन गैरसमज आहेत. टफबुकमध्ये बॅटरीचे आयुष्य वाढवण्यासाठी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणारी सोय असते. ती चालू राहिली असेल तर तो बिघाड नव्हे. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असा नियम आहे आणि बॅटरीतले नियंत्रण तो पाळते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत चार्जिंग थांबले तर आधी यंत्र सावलीत न्यावे. हे सारे वगळल्यावर बॅटरी काढून, फक्त अडॅप्टरवर यंत्र चालू करून पाहावे. एखादा मेलेला सेल सगळ्या यंत्राला खाली ओढत असेल तर ते इथेच उघड होते. फुगलेली बॅटरी मात्र क्षणभरही वापरू नये आणि भंगारातही टाकू नये. ती अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच जायला हवी.

वीज नीट येते आणि तरीही यंत्र डिस्क सापडत नाही म्हणून थांबते, तेव्हा रग्ड लॅपटॉपची खास रचना लक्षात घ्यावी लागते. टफबुकच्या मोठ्या मॉडेल्समध्ये डिस्क सरळ मदरबोर्डवर बसत नाही. धक्का शोषणाऱ्या गादीत गुंडाळून ती एका डब्यात ठेवलेली असते आणि पातळ रिबन केबलने जोडलेली असते. थंड प्रदेशांसाठी त्या डब्यात डिस्क गरम करणारा हीटरही असतो; आपल्या किनाऱ्यावर त्याला आयुष्यभर काही काम नाही. जुन्या मालकाने गुप्ततेसाठी डिस्क डब्यासकट काढून घेतलेली असते, मग विक्रेता कुठला तरी दुसरा डबा बसवून देतो. ती रिबन घड्यांवर चिरते, तिच्या टोकाच्या पट्ट्यांवर थर चढतो, आणि डिस्क कधी दिसते कधी दिसत नाही. म्हणून डिस्क बदलण्याआधी तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून तिची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचावी. खराब झालेल्या सेक्टरांचा आकडा शून्य असेल तर पहिला संशय केबलवर घ्यावा. रॅमचेही तसेच. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट ८६ मध्ये चुका दिसल्या की लगेच रॅम फेकू नये. ती काढून, स्वच्छ करून, पुन्हा बसवून चाचणी दुसऱ्यांदा चालवावी. पिना पेन्सिलीच्या खोडरबराने घासण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण त्यांवरचा सोन्याचा मुलामा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. दर पावसाळ्यात घासत गेले तर खालचे निकेल आणि तांबे उघडे पडते.

साफसफाईबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण किनाऱ्यावर चूक इथेच होते आणि ती सगळीकडे तशीच होते. दुरुस्तीच्या टेबलावर आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली असते आणि सगळी सफाई तिनेच करतात. अल्कोहोल तेल, चिकटा, फ्लक्स काढते. मीठ मात्र शुद्ध अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. बोर्ड चकचकीत दिसतो, वास येतो, सुकतो, आणि मीठ पिनांच्या मुळाशी तसेच राहते. पुढच्या दमट दिवशी तोच दोष परत येतो आणि मग निदान होते : मदरबोर्डच खराब. मीठ काढायला पाणीच लागते, आणि तेही नळाचे किंवा विहिरीचे नव्हे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे शुद्ध पाणी चालते. मुख्य बॅटरी, अडॅप्टर आणि मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी किंवा तिच्या जागी जी असेल ती, हे तिन्ही काढल्याशिवाय पाण्याचा थेंबही लावायचा नाही. मऊ ब्रशने त्या पाण्याने जोड धुवायचे, मग अल्कोहोलने पाणी हुसकावून लावायचे, मग पूर्ण सुकू द्यायचे. तांदळाच्या डब्यात यंत्र पुरून ठेवण्याच्या उपायाने फार तर पाणी जाईल, मीठ आतच राहील. वंगणाचा फवारा मारण्याने त्या दिवसापुरते काम होते, पण त्याच्या चिकट थरावर धूळ आणि मीठ दोन्ही बसतात.

ज्यासाठी हे यंत्र घेतले, तो सिरियल पोर्ट. याचे दोष शोधणे सर्वांत सोपे असूनही त्यावर सर्वांत जास्त वेळ वाया जातो. कारखान्यातली यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकाशी, म्हणजे पीएलसीशी, संवाद होत नाही तेव्हा पीएलसी, केबल, सॉफ्टवेअर आणि पोर्ट असे चार संशयित असतात. पोर्टची दोन नंबरची आणि तीन नंबरची पिन एका तारेने जोडून टर्मिनल प्रोग्राममध्ये अक्षर टाइप करावे. ते परत पडद्यावर उमटले तर पोर्ट ठीक आहे, दोष पुढे कुठेतरी. उमटले नाही तर आधी बायोसमध्ये पोर्ट चालू आहे का ते पाहावे, मग मल्टिमीटरने तीन आणि पाच पिनांमधला दाब मोजावा. शांत असताना तिथे उणे पाच ते उणे बारा व्होल्टच्या दरम्यान काहीतरी दिसायला हवे. शून्य असेल तर पोर्टची चिप गेली. ती बहुधा जाते अर्थिंगमुळे. तीन पिनांच्या अडॅप्टरला दोन पिनांचा प्लग लावला की लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हलका शॉक जाणवू लागतो. तो लॅपटॉप अर्थ केलेल्या पॅनेलला सिरियल केबलने जोडला, की दोघांच्या पातळीतला फरक त्या बिचाऱ्या पोर्टमधून वाट काढतो. म्हणून पॅनेलला जोडताना लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, किंवा तीन पिनांचा अडॅप्टर खऱ्या अर्थिंगच्या सॉकेटलाच लावावा. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.

पडद्याबद्दल थोडक्यात. पूर्ण काळा पडदा दिसला तर आधी तिरप्या कोनातून टॉर्च मारून पाहावे. अंधूक चित्र दिसले तर पॅनेल जिवंत आहे, प्रकाश देणारा भाग किंवा बिजागरीतून जाणारी केबल गेली आहे. त्याहीआधी एक गोष्ट तपासावी. रात्रीच्या लष्करी आणि पोलिसी कामासाठी या यंत्रांत पडदा आणि सगळे दिवे एकदम विझवणारी सोय असते. डेलच्या रग्ड मॉडेल्समध्ये ती एफएन आणि एफ ७ या बटणांवर आहे. नव्या मालकाला हे माहीत नसते आणि धडधाकट यंत्र मेलेले समजले जाते.

आता आक्षेप. पहिला दुरुस्तीवाल्यांचा : आमच्याकडे येणाऱ्या यंत्रांत मदरबोर्ड खरोखरच गेलेले असतात. काही असतात, हे मान्य. बोर्डाच्या आतल्या थरांत गंज शिरला, चिपखालचे सोल्डरचे गोळे सुटले, चुकीच्या व्होल्टेजने वीजनियंत्रक जळला, तर धुऊन काही होत नाही. पण त्या निदानाला पुरावा हवा : अडॅप्टर, बॅटरी, रॅम, डिस्क, केबल एकेक वगळूनही दोष कायम आहे, हवामान बदलूनही कायम आहे, धुतल्यावरही कायम आहे. हा पुरावा न मागता बोर्ड बदलला तर बदललेला बोर्डही त्याच खाऱ्या कवचात बसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : खोलले की सील गेली, मग खोलायचेच कशाला? हे खरे आहे, आणि म्हणूनच खोलण्याआधी त्या मॉडेलची पॅकिंग मिळते का हे विचारायला हवे. मिळत नसेल तर ते यंत्र यापुढे पाण्यात टिकणारे नाही असे धरून वापरावे : पावसात काढू नये, आत सिलिका जेलची पुडी आणि बाहेर झाकणाची बॅग ठेवावी. पण दहा वर्षांच्या रबराची सील शाबूत आहे असे समजून आतले मीठ तसेच ठेवणे हा त्याहून मोठा धोका आहे.

तिसरा आक्षेप अर्थकारणाचा. साधा नवा लॅपटॉप आणि यूएसबीचा सिरियल कन्व्हर्टर घेतला तर काय बिघडते? अनेकांसाठी हेच योग्य आहे, आणि ज्याचे काम मुख्यतः ऑफिसात आहे त्याने रग्डच्या मागे लागूच नये. पण बाजारात नकली चिपचे कन्व्हर्टर खूप आहेत. त्यांना खऱ्या उत्पादकाचे नवे ड्रायव्हर नाकारतात, आणि जुनी पीएलसी सॉफ्टवेअर त्यांच्यावर ऐनवेळी अडतात. शेडमध्ये, टाक्यांच्या शेजारी, तेल आणि रसायनांच्या हातांनी वापरायला साधा लॅपटॉप टिकत नाही, हेही तितकेच खरे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बहुतेक जुन्या टफबुकना विंडोज ११ च्या अटी पुऱ्या करता येत नाहीत. त्यामुळे अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि ईमेल करू नये. ते इंटरनेटपासून तोडून फक्त यंत्रांशी बोलण्यासाठी ठेवावे. तेवढ्या कामाला ते अजून बरीच वर्षे पुरेल.

आणि घेताना. बायोसला पासवर्ड असेल तर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. या वर्गातल्या यंत्रांचा पासवर्ड छोटी बॅटरी काढून जात नाही, आणि ते यंत्र चोरीचे असण्याची शक्यताही राहते. बिलावर सीरियल क्रमांक लिहून घ्या. पोर्टच्या झाकणांचे रबर नखाने दाबून पाहा, तळाशी डॉकसाठी असलेल्या उघड्या पट्ट्यांवर हिरवेपणा आहे का पाहा, सिरियल पोर्टच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना जोडायची तार खिशात घेऊन जा. एप्रिल-मेच्या कोरड्या, वातानुकूलित दुकानात प्रत्येक लॅपटॉप चांगलाच चालतो. तेव्हा खरेदी जुलै-ऑगस्टमध्ये करा, आठवडाभरात परत करण्याच्या लेखी बोलीवर घ्या, आणि तो आठवडा यंत्र किनाऱ्यावरच्या घरात रोज चालवा. विक्रेता ही अट मान्य करत नसेल, तर तो लॅपटॉप घेऊ नका.